सदू भुवडाचा हात

परशुराम घाटात जांभ्याच्या चिऱ्यांनी भरलेला ट्रक चढवणं म्हणजे गाभण म्हशीला जिना चढवणं. ओढून येत नाही, ओरडून येत नाही, आणि मागे उभं राहून शिव्या घातल्या तर मुळीच येत नाही. ती तिच्या पावलानेच येणार. सदू भुवड अशी म्हैस रोज सकाळी चढवायचा. सावर्ड्याजवळच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, खाण होती. तिथे आदल्या दिवशी चिरे भरून ठेवायचे, उजाडताना निघायचं, चिपळूण ओलांडायचं, वाशिष्ठीचा पूल गेला की घाट, घाट गेला की लोटे. लोट्याला तेव्हा कारखान्यांच्या भिंतीमागून भिंती उठत होत्या. भिंत म्हटली की चिरा आला, आणि चिरा म्हटला की सदू आला.

माणूस दिसायला काही खास नव्हता. बुटका, मान आखूड, डोक्याला टॉवेल. उजवा हात मात्र डाव्यापेक्षा दोन वाणांनी काळा. वीस वर्षं तो हात खिडकीबाहेर ऊन खात होता. सदूची बायको चिमा म्हणायची, ह्यांना देवाने दोन माणसांचे हात लावून पाठवलंय. घरातलं काम सांगायचं तर गोऱ्या हाताला सांगावं, काळा हात सरकारी कामावर असतो.

आणि ते काही खोटं नव्हतं. मुंबईहून गोव्याला जाणारा तो रस्ता नावालाच हायवे. दोन गाड्या एकमेकींना घासून जातील एवढाच रुंद. जाणाऱ्याची एक बाजू, येणाऱ्याची एक, आणि घाटात तर वळणामागे वळण. त्यावर बैलगाडीच्या चालीचा ट्रक आणि बाण सुटल्यासारखी सुमो एकाच मापाच्या वाटेवर. मागच्याला पुढचं काही दिसत नाही, ट्रकचं ढुंगण तेवढं दिसतं. दिसतं ते पुढच्याला. म्हणून पुढच्याने मागच्याचे डोळे व्हायचं, अशी जुन्या ड्रायव्हरांची रीत होती. पंजा आडवा धरून खाली दाबला की थांब. बोटं पुढे हलवली की जा, वाट मोकळी आहे. बोलणं नाही, ओळख नाही. ज्याचं तोंड कधी बघितलं नाही त्याच्या हातावर जीव टाकून माणसं पुढे जायची.

सदूने ही रीत कुठल्या ड्रायव्हरकडून घेतली नव्हती, बापाकडून घेतली होती. बापाची बैलगाडी. चिपळूणच्या बाजाराला भात न्यायचा, आणि मागे एसटी आली की गाडी कडेच्या गवतात घालून हात हलवायचा. पोरगा विचारायचा, आपणच का म्हणून बाजूला व्हायचं? बाप सांगायचा, "आपून सावकाश जानारी मानसा. सावकाश जानाऱ्यान् कडेन् जायचा, आनि मागच्याला फुडचा सांगायचा. नायतर लोका म्हन्तात, वाट आडवून बसलाय."

शाळा म्हणाल तर दुसरी. अक्षरं शाळेतच राहिली, अंक तेवढे बरोबर आले. त्या अंकांवर सदूने घाट चालवला. आरशात मागच्याकडे एकदा बघायचा आणि त्याला पुढे निघून जायला किती अंक मोजावे लागतील ते ठरवायचा. एसटीला आठ. सुमोला पाच. नवी गाडी घेऊन मान पुढे काढून बसलेल्या साहेबाला पंधरा, आणि बायको शेजारी असली तर वीस. वरच्या वळणापर्यंत रस्ता तेवढा वेळ रिकामा राहणार असेल तरच बोटं हलायची. त्याचं म्हणणं असं की रस्त्यावर वाईट माणसं फार नसतात, वेगवेगळ्या घाईची माणसं असतात, आणि त्यांना कुणीतरी ओळीने लावायला लागतं. पंगतीत वाढप्या नसला तर काय होईल? पहिल्या चार जणांच्या पानात सगळा भात.

अठ्ठ्याण्णव साली कोकण रेल्वे पुरती सुरू झाली तेव्हा सगळे म्हणाले, आता रस्ता ओस पडणार. पडला कसला. माणसांना फिरायची चटक लागली आणि जी गाडीत मावेनात ती रस्त्यावर आली. त्याच सुमाराला घाटात मधोमध पांढरी रेघ मारली. सदूला त्या रेघेचं इतकं कौतुक, की ट्रक कडेला लावून, उतरून बघून आला. घरी येऊन चिमाला म्हणाला, वाचता येत नाही म्हणतात मला, पण ही रेघ मला वाचता येते. त्या हर्षाने त्याने चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावरच्या पेंटरकडून ट्रकच्या मागच्या फळीवर पिवळ्या अक्षरांत लिहून घेतलं: घाई आहे? माझा हात बघ.

रेघ वर्षभरात टायरांनी खाल्ली. फळीवरची अक्षरं राहिली.

त्या अक्षरांचा सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे बाबू. बाबू चिमाचा धाकटा भाऊ, लोट्याच्या एका कारखान्याची बस चालवायचा. चिपळुणातली चाळीस-पंचेचाळीस माणसं सकाळी भरायची आणि सातच्या आत गेटात नेऊन ओतायची. सातचा भोंगा झाला की गेट बंद, माणसांचा अर्धा दिवस गेला, आणि बसच्या ठेकेदाराला वरून बोल. सदू आणि बाबू घाटाच्या तळाशी रोज जवळजवळ एकाच वेळी यायचे. बाबू दोन आखूड हॉर्न द्यायचा. म्हणजे, भावोजी, मी आलो. सदू आरशात बघायचा, वरच्या सरळ तुकड्यापर्यंत त्याला मागे ठेवायचा, आणि तिथे बोटं हलली की बस पुढे. ते बाबू इतका डोळे मिटून करायचा की बसमधली माणसंही हात बघून पिशव्या सावरायची.

रविवारी जेवायला आला की टोमणे. म्हणायचा, "भावोजी, तुमच्या मागं लागला की माझी मानसा झोप पुरी करून घेतात. परवा एकान् सपान दोन वेळा बघितलान."

चिमा आतून म्हणायची, दुसऱ्या वेळेला तरी बायको बरी दिसली का म्हणावं.

बाबू ड्रायव्हर म्हणून भित्रा. स्वतःहून वळणावर गाडी काढणाऱ्यातला नव्हता. पाठीमागे पंचेचाळीस घरांच्या चुली घेऊन चाललोय, असं तो म्हणायचा. हात मिळाला तर जाणार, नाहीतर मागेच राहणार. असा भाऊ आहे म्हणून चिमाला बरं वाटायचं. पुढे तेच त्याला नडलं.

नव्याण्णव सालची दिवाळी तोंडावर आली होती. सकाळचं धुकं विरत होतं. बाबूचे दोन हॉर्न आले. सरळ तुकड्यावर सदूने वर बघितलं, रस्ता रिकामा. आठ अंकांची वाट होती, फार तर दहा. बोटं हलली, बस निघाली.

बसच्या शेपटीला धरून एक सुमो निघाली. हे व्हायचं कधीकधी. हात एकाला द्यावा आणि प्रसाद दोघांनी घ्यावा. सुमोला पाच लागतात, तीही निघून गेली. तोवर वळण आलं. भरलेल्या ट्रकचं स्टिअरिंग त्या वळणावर दोन्ही हातांनी ओढावं लागतं, नाहीतर ट्रक कडा सोडून मध्ये येतो. सदूने हात आत घेतला. आणि आरशात बघतो तर एक पांढरी मारुती बाहेर निघालेली. बोनेटवर झेंडूचा हार. आवाज मोठा आणि चाल बारीक. ती गाडी पंधरा-विसातली होती, आणि अंक सगळे संपलेले होते.

पुढचं जे झालं ते सदूने नंतर इतक्या वेळा डोक्यात घोळवलं की त्याचे काठ झिजले. वरून टँकर आला, रिकामा, गाडी मोकळी सोडून उताराने पळत. मारुतीला पुढे शिरायला जागा व्हावी म्हणून सदूने पाय उचलला, ट्रक मंदावला. मारुतीवाल्याने टँकर बघितला आणि मागे सरावं म्हणून त्यानेही ब्रेक मारला. दोघांनी एकाच वेळी एकमेकांना वाट दिली. त्यामुळे मारुती ना पुढे गेली ना मागे राहिली, होती तिथेच ट्रकच्या अंगाला अंग लावून राहिली. टँकर थांबला तो तिला घेऊनच.

गाडी चालवणारे चिंतामणी म्हणून अलोऱ्याच्या वसाहतीतले क्लार्क होते. जागच्या जागी गेले. शेजारी त्यांची बायको उमा, तिचा हात मोडला. हार नवीन होता, पण गाडी जुनीच, चार दिवसांपूर्वी घेतलेली. परशुरामाच्या देवळात पूजेला चालले होते.

पोलीस आले. टँकरवाला पळून गेला होता, तो दोन दिवसांनी सापडला. सदूने हवालदाराला सगळं सांगितलं, हात दिला होता तेही. हवालदार लिहिता लिहिता थांबला आणि म्हणाला, ते राहू दे. हात दाखवणं गुन्हा थोडाच आहे? तू आपल्या कडेने चालला होतास, तेवढं पुरे. सदू म्हणाला, पण लिहा तरी. हवालदाराने कागद उलटला. गावात सगळ्यांनी सांगितलं, सदू, तुझा काही दोष नाही. बाबूने सांगितलं. देवळातल्या गुरवाने सांगितलं. सगळ्यांनी मिळून त्याला इतकं निर्दोष केलं की बिचाऱ्याला कुणाची माफी मागायची तेच कळेना.

म्हणून तेरावा उलटल्यावर तो चिमाला घेऊन एसटीने अलोऱ्याला गेला. कोयना प्रकल्पाची वसाहत, एकसारखी घरं, दारात तुळस. उमाबाई गळ्यात हात बांधून ओसरीत बसल्या होत्या. सदूने आपण कोण ते सांगितलं आणि उभाच राहिला. बाईंनी बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. सरळ विचारलं.

"हात तुम्ही कुणाला दिला होतात?"

"बसला," सदू म्हणाला.

"मग आम्हाला थांब म्हणून का नाही दाखवलात?"

"वळान आला व्हता, बाई. दोन्ही हात लागतात."

बाईंनी मान हलवली, जसं काही हिशेबात बसलं. मग अंगणाकडे बघत म्हणाल्या, "फळीवरचं ह्यांनी मोठ्याने वाचलं होतं. म्हणाले, बघ, भला माणूस दिसतो. हात करतोय."

येताना एसटीत खिडकीजवळची जागा होती, पण सदू आतल्या बाजूला बसला. दुसऱ्या दिवशी त्याने खाणीतला लाल रंगाचा डबा घेतला आणि फळीवरची अक्षरं पुसली. नीट पुसता येईनात, खालून पिवळं दिसत राहिलं, तर त्यावर आणखी एक हात दिला. खिडकीची काच, जी वीस वर्षं खालीच असायची, ती वर केली.

आता बघा, काच वर केली म्हणून मागची माणसं काही कमी घाईची झाली नाहीत. बाबूचे दोन आखूड हॉर्न आले. काच खाली झाली नाही. पुन्हा दोन आले. सरळ तुकडा आला, गेला, वरचं वळण आलं, गेलं. बाबू मागेच. त्याच्या मागच्या जीपा आणि सुमो दोघांनाही ओलांडून, वळणावर डोळे मिटून जात होत्या, आणि बाबू आपला सदूच्या ढुंगणाकडे बघत पहिल्या गियरवर घाट चढत होता. घाटमाथ्यावर भोंगा ऐकू आला. पंचेचाळीस माणसांचा अर्धा दिवस गेला.

असं आठवड्यात दोनदा, तीनदा व्हायला लागलं. बाबूने निघायची वेळ अलीकडे घेतली, तर माणसं थांब्यावर येईनात. ठेकेदार बोलला. मग एका रविवारी बाबू आला तो गुहागरहून आणलेली सुकट घेऊन. जेवण होईपर्यंत टोमणा नाही की काही नाही. चिमाने ताटं उचलली, पण ती आत गेली नाही, दारातच उभी राहिली.

बाबू म्हणाला, "भावोजी, मी तुमच्याकडं कदी काय मागलाय काय? हात तेवडा मागतंय."

"तुला दिला की तुज्या मागच्याला पन मिळतो," सदू म्हणाला. "हात एकट्याला देता येत नाय."

"मागच्याचा मागच्यान् बघायचा."

"तसाच झाला व्हता."

बाबूने मग सावकाश, समजावल्यासारखं सांगितलं, की तुम्ही हात दिलात तेव्हा एक माणूस मेला. पण वीस वर्षांत तुमच्या हाताने जे गेले आणि पोचले ते कोण धरतो? सदू म्हणाला, पोचले त्यांच्या घरी मला जायला लागलं नाही. जिथं जायला लागलं ते एकच घर आहे.

चिमा दारातून म्हणाली, सुकटीला मुंग्या लागतील, आत ठेवते. आणि गेली. एका बाजूला पाठचा भाऊ, दुसऱ्या बाजूला नवरा, आणि मध्ये उभं राहायला तिलाही रस्त्यासारखी एक पुसलेली रेघच.

तीन महिन्यांत बाबूची बस गेली. भांडण नाही, तमाशा नाही. ठेकेदाराने सांगितलं, तू माणूस चांगला आहेस, पण मला वेळेवर पोचवणारा पाहिजे. बाबू मुंबईला गेला आणि एका सोसायटीच्या गेटावर वॉचमन लागला. तिथे आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांना हात दाखवायचं काम. त्याच्या जागी जो नवा आला, तो कुणाच्या हाताची वाट बघणारा नव्हता. वळण असो नसो, तो सदूला ओलांडून जायचा, बसमधली माणसं पुढची दांडी घट्ट धरून बसायची आणि भोंग्याच्या आधी पाच मिनिटं पोचायची. सगळे खूश.

बाबू गेल्यावर महिनाभराने सदूला एक सुचलं. घाट सुरू व्हायच्या आधी, पुलाच्या पलीकडे डाव्या अंगाला जरा रुंद जागा आहे. तिथे ट्रक कडेला घालायचा, मागच्या सगळ्यांना जाऊ द्यायचं, आणि मागे कुणी नाही असं बघून मग चढाला लागायचं. मागे कुणी नसलं की हाताचा प्रश्नच नाही. त्याने घरी सांगितलं तेव्हा चिमा तांदूळ निवडत होती.

तिने सूप खाली ठेवलं. "ह्या आदी सुचला आसता तर?"

सदू म्हणाला, भरलेला ट्रक चढाच्या तळाशी कोण थांबवतो? खालून वेग घेऊन यायला लागतं. उभ्याने उचलला तर क्लचप्लेट जळते. असं कुणी करत नाही. ड्रायव्हरच्या डोक्यात ते येतच नाही.

"आता करताव ना," चिमा म्हणाली. "मग तवा केला आसता तर माजा भाऊस आज हितं आसता." आणि पुन्हा सूप उचललं. एका माणसाच्या मरणाकडे सदू बघत बसला, आणि शेजारी उभा असलेला दुसरा त्याला दिसला नाही, हे दोघांनाही कळलं होतं.

तरी तो थांबायला लागला. पहिल्या वर्षी पाच-दहा मिनिटांत रस्ता मोकळा व्हायचा. तिथे यमुनाबाईंची चहाची टपरी होती. त्या म्हणायच्या, सदूभाऊ, तुमचा ट्रक माझा बोर्ड झाला. लोकांना वाटतं एवढा मोठा ट्रक थांबतो म्हणजे चहा बरा असेल. सदू चहा घ्यायचा आणि आरशात बघत बसायचा. एसटी गेली. बस गेली. सुमो, जीप, मासळीचा टेम्पो गेला. मागे रिकामं. मग गियर टाकायचा, ट्रक कण्हत उठायचा, क्लचचा जळका वास यायचा. आणि अर्ध्या घाटात पोचेपर्यंत मागे पुन्हा चार गाड्या. त्या काय आकाशातून पडत होत्या थोड्याच, रस्ता आहे तर येणारच. सदू काच वर करून, पुढे बघून चढत राहायचा. मागचे हॉर्न मारायचे, शिव्या द्यायचे, आणि मग आपले आपण अंदाजाने जायचे.

दुसऱ्या पावसाळ्याअखेर त्याच वळणावर मोटारसायकलवरचे दोघे गेले. सदूच्या पुढे नाही, मागे नाही. तो त्या वेळी टपरीजवळ उभा होता. वरून आलेल्या एसटीच्या कंडक्टरने सांगितलं, पुढे चिऱ्याचा दुसरा कुठला तरी ट्रक होता, त्याने काही हातबीत दाखवला नाही, पोरांनी अंदाजाने काढली. यमुनाबाईंनी पदर तोंडाला लावला. सदूने चहाचा कप ठेवला तो अर्धाच. हात दिला तर हातावर विश्वासून मरतात. नाही दिला तर न विश्वासता मरतात. मग हात कुठे ठेवायचा, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर तो तिथे ठेवून आला असता.

वर्षं गेली तशी गाड्या वाढल्या. दोन हजार चार-पाचपर्यंत तर मुंबईची माणसं शनिवार-रविवार समुद्र बघायला गुहागरला यायला लागली. गाड्या अशा की खेळण्यातल्यासारख्या चकचकीत, आणि इतक्या बळाच्या की चढ त्यांना कळतच नाही. त्यांच्या ड्रायव्हरांना हाताची रीत ठाऊकही नव्हती. एकदा एकाने सदूच्या वर केलेल्या काचेजवळ येऊन विचारलं, काका, गाडी बंद पडलीय का? सदू नाही म्हणाला. मग का थांबलात? वाट बघतोय, म्हणाला. कशाची ते त्या माणसाने विचारलं नाही, त्यालाही घाई होती.

पाच मिनिटांचा अर्धा तास झाला, अर्ध्याचा तास. दोन क्लचप्लेटा जळल्या. मालक आधी हसला, मग चिडला. शेवटी मे महिन्यातल्या एका सकाळी सदू थांबला तो थांबलाच. मागे रिकामं होईना. एक ओळ संपते न संपते तोवर पुलावर दुसरी. साडेसहाचे आठ झाले, आठाचे दहा. यमुनाबाईंनी दुसऱ्यांदा पेज विचारली. लोट्याला गवंडी मसाला कालवून हात बांधून बसले. अकराला खाणीचा मुकादम मोटारसायकलने शोधत आला. बघतो तर ट्रक धडधाकट, ड्रायव्हर धडधाकट, आणि डोळे आरशात.

मालकाने किल्ली काढून घेतली. वाईट बोलला नाही. एवढंच म्हणाला, सदू, रस्ता रिकामा व्हायची वाट बघणारा ड्रायव्हर मला परवडत नाही. तो काही आता रिकामा होत नाही. आणि ते खरंच होतं. तेवढं एक वाक्य सदूला त्या पाच-सहा वर्षांत सगळ्यात खरं वाटलं.

जुना माणूस म्हणून त्याला घालवला मात्र नाही. खाणीच्या आत एक मोडका डंपर होता, नंबरपाटी नसलेला. तळातून भुकटी आणि फुटके चिरे भरायचे, खाणीच्या भिंतीला धरून गोल वर यायचं, सड्याच्या कडेला ओतायचं, पुन्हा खाली. रस्ता एका गाडीचाच. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. दिवसभर लाल धूळ. सदूला हवं होतं ते मिळालं, असं मुकादम सगळ्यांना हसून सांगायचा.

चिमा दुपारची भाकरी घेऊन यायची. एकदा ती खाणीच्या वाटेने डंपरच्या मागून चालत वर येत होती. डंपर भरलेला, चाल तीच, गाभण म्हशीची. वरच्या वळणाआधी खिडकीतून हात बाहेर आला. काळा हात, पण पाच वर्षं काचेआड राहून फिका पडलेला. बोटं हलली नाहीत. पंजा आडवा झाला आणि खाली दाबला. थांब. वळण आलं, दोन्ही हात लागायची जागा आली, तरी हात आत गेला नाही. एका हाताने स्टिअरिंग ओढेना, डंपर भिंतीला घासला, चिऱ्याचा कपचा उडाला, इंजिन धापा टाकायला लागलं. हात बाहेरच होता.

चिमा होती तिथे उभी राहिली.

डंपर कसाबसा वर गेला, ओतून झाला, सदू उतरला. खाली बघतो तर चिमा अजून वळणाच्या खाली, डोक्यावर पाटी घेऊन, उन्हात.

वर आल्यावर त्याने विचारलं, "तितं काय करत व्हतीस?"

"तुमी थांब म्हनलाव ना," ती म्हणाली.

सदूने आपल्या हाताकडे बघितलं. त्याला काही आठवत नव्हतं. मग दोघं पत्र्याच्या सावलीला बसली. भाकरी वाळली होती, ती त्याने पाण्यात बुडवून खाल्ली. खालून, झाडांच्या पलीकडून, हायवेचा आवाज येत होता. कुणीतरी कुणाच्या तरी मागे लागून दोन आखूड हॉर्न देत होतं. थोड्या वेळाने पुन्हा दिले. मग एक लांब, न थांबणारा.

चिमाने पाण्याचा तांब्या पुढे केला. सदूने तो डाव्या हाताने घेतला.